ग्रेट डेनचं पिल्लू पुन्हा पुन्हा लंगडतंय? पंजापासून एक्स-रेपर्यंत काय काय बघायचं

लक्षणं बहुधा अशी असतात. पिल्लू तीन ते दहा महिन्यांचं. सकाळी उठताना एक पाय अवघडल्यासारखा टाकतं, जरा चाललं की ठीक दिसतं. संध्याकाळी खेळून आलं की पुन्हा लंगडतं. दोन-चार दिवस विश्रांती मिळाली की बरं, मोकळं सोडलं की परत तेच. कधी कधी तर पायच बदलतो: मागच्या आठवड्यात डावा पुढचा, या आठवड्यात उजवा मागचा. जिन्यापाशी येऊन थबकतं. बसताना दोन्ही मागचे पाय एका अंगाला टाकून बसतं. उभं असताना पुढचे पंजे बाहेर वळलेले किंवा पसरट दिसतात. खाणंपिणं मात्र व्यवस्थित, शेपटी चालू, त्यामुळे घरचे म्हणतात, "मुरगळला असेल, होईल बरा."

कधी कधी खरंच मुरगळलेलाच असतो. पण ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशा अवाढव्य जातींच्या पिल्लात हे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा झालं, की मुरगळण्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. या पिल्लांचं गणितच वेगळं आहे. अर्धा-पाऊण किलोचं जन्मलेलं डेनचं पिल्लू वर्षभरात जवळजवळ ऐंशी-शंभर पट होतं. माणसाचं बाळ तेवढ्या काळात तिप्पट होतं. हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चेचा पट्टा असतो, हाड लांबीला तिथे वाढतं. छोट्या कुत्र्यांत तो आठ-दहा महिन्यांत पक्का होतो, या जातींत दीड ते दोन वर्षं लागतात. म्हणजे चाळीस किलोचं धूड दिसायला मोठा कुत्रा, पण आतून अजून कच्चं. त्यात गुळगुळीत फरशी, भरलेलं ताट आणि कुणीतरी सुचवलेलं कॅल्शियमचं सिरप हे तिन्ही एकत्र आले, की माझा फोन वाजतो.

खालचा क्रम फुकट गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो. पण त्याआधी एक.

हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा

पाय अजिबात टेकत नाही, अधांतरी धरलाय. पाय वाकडा दिसतोय किंवा हात लावताच किंचाळतं. पुढच्या मनगटाच्या वर, बहुतेक दोन्ही पायांना, गरम सूज आहे आणि ताप आहे. पिल्लू उठायलाच तयार नाही, जेवण सोडलंय. हिरड्या पांढुरक्या पडल्यात किंवा नाकातून रक्त आलंय. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटतात, नखं जमिनीवर घासत जातात. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी जायचं, रविवार असला तरी. घरगुती तपासणी ही चालत-फिरत असलेल्या, जेवणाऱ्या, अंगात ताप नसलेल्या पिल्लासाठी आहे.

आधी नेमका पाय कोणता ते ठरवा

हास्यास्पद वाटेल, पण निम्म्या घरांत याच्यावरच एकमत नसतं. आई म्हणते उजवा, मुलगा म्हणतो डावा. मोबाइल घ्या, एकाने पिल्लाला सैल पट्ट्यावर सरळ रेषेत चालवा, दुसऱ्याने समोरून, मागून आणि बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. सोसायटीच्या पार्किंगमधली सिमेंटची जमीन याला चांगली. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकला की खाली येतं. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून ही धडपड. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा चालताना जास्त वर-खाली होतो.

हा व्हिडिओ जपून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर, भीतीने म्हणा किंवा शेजारच्या मांजरीच्या वासाने म्हणा, पिल्लू एकदम सरळ चालायला लागतं आणि डॉक्टर तुमच्याकडे बघत राहतात. सोबत तारखांची साधी नोंद ठेवा: कुठला दिवस, कुठला पाय, आदल्या दिवशी काय केलं होतं. पाय बदलतोय की एकच पाय सारखा येतोय, यावर पुढचं सगळं निदान फिरतं.

पंजा

आता पिल्लाला आडवं पाडा, पोट खाजवा, आणि दुखऱ्या पायाचा पंजा उजेडात नीट बघा. नुसता वरून नाही. प्रत्येक बोट बाजूला करून मधली कातडी बघायची, गादीच्या कडा दाबून बघायच्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूचं ते वरचं अंगठ्याचं नख विसरायचं नाही. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि वळून मांसात शिरतं.

इथे सापडणाऱ्या गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळा संपला की माळावर सराटा पसरतो. त्याचा काटा गादीत रुततो, वरचा भाग चालता चालता झिजून जातो आणि आतलं टोक तेवढं राहतं. बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण नेमक्या जागी दाबलं की पिल्लू पाय ओढून घेतं. गवताचं कुसळ त्याहून वाईट. ते बोटांच्या मधून कातडीत शिरतं आणि मागे येत नाही, पुढेच सरकतं. बोटांमधे बारीक भोक, त्यातून पाणी, आणि पिल्लू सारखं तिथेच चाटतंय, असं दिसलं तर चिमट्याने उकरत बसू नका. वरचं तुटतं, आतलं राहतं, मग भूल देऊन शोधायची वेळ येते. ते डॉक्टरांचं काम.

भर पावसात पंजे दिवसभर ओले राहून बोटांच्या मधे लाल होतात, कुबट वास येतो. बाहेरून आलं की स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा टॉवेलने कोरडी करणं एवढ्यानेच बऱ्याच जणांचं भागतं. मे महिन्यात उलट, डांबरी रस्त्याने गाद्या भाजतात. आपल्या हाताचा तळवा रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

नखं लांब असतील तर तीही कापा. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर ती लांब आहेत. नख जमिनीला आधी टेकलं की बोटं वर ढकलली जातात, पंजा पसरतो आणि मनगटावर चुकीचा ताण येतो. पसरट पंज्याची बरीच प्रकरणं नखं कापून आणि फरशी बदलून सुधारतात.

आणि गोचीड. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली. एक जरी मिळाली तरी लक्षात ठेवा, त्याचा हिशोब पुढे आहे.

थर्मामीटर

साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात दोनेक सेंटीमीटर. एकाने डोकं धरायचं आणि बोलत राहायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपला ताप हा त्याचा रोजचा आकडा. खेळून आल्या आल्या मोजू नका, अर्धा तास थांबा. १०३ च्या वर असेल आणि लंगडणंही असेल, तर हा निव्वळ पायाचा प्रश्न राहिलेला नाही. नाक कोरडं आहे की ओलं, कान गरम आहेत की गार, यावरून ताप ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यावर विसंबू नका.

फरशी

पंजा साफ, ताप नाही. मग घरात मान खाली घालून बघा, पायाखाली काय आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स, संगमरवर, पॉलिश केलेला कोटा, तिन्ही सारखेच. दाराची बेल वाजते, पिल्लू उठून धावतं, मागचे पाय दोन दिशांना जातात, पोटावर आपटतं, आणि आपण हसून व्हिडिओ काढतो. हे दिवसातून अनेकदा होतं. प्रत्येक वेळी खुब्याचा सैल सांधा आणि मांडीचा आतला स्नायू ताणला जातो. वाढीच्या वयात सांध्याची वाटी आणि गोळा एकमेकांत नीट बसून घट्ट व्हायला हवेत, नेमकं त्याच काळात आपण त्यांना रोज थोडं उचकटतो.

अख्खं घर झाकायची गरज नाही. पिल्लू जिथून उठतं, जिथे वळतं आणि जिथे खातं, त्या तीन जागा पकडा. रबराच्या पाठीची पायपुसणी, जुनी योगा मॅट कापून, जिममध्ये असतात तशा एकमेकांत अडकणाऱ्या मॅट. सतरंजी टाकत असाल तर खाली न सरकणारी जाळी घाला, नाहीतर सतरंजीसकट पिल्लू भिंतीवर जातं. गोणपाट स्वस्त आणि चांगलं, फक्त ते खाणारी पिल्लं असतात.

आठ ते सोळा आठवड्यांच्या पिल्लाचं पुढचं मनगट पुढे वाकलेलं किंवा मागे खचलेलं दिसलं, दोन्ही पायांना सारखं, तर बहुतेक वेळा पायाखाली पकड, माफक खाणं आणि मातीवर चालणं यानेच ते काही आठवड्यांत सरळ होतं. पट्ट्या बांधायची घाई करू नका. पण एकच पाय बाहेर वाकत चालला असेल, तर थांबायचं नाही. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात. पडल्याने एकाची वाढ खुंटली आणि दुसरं वाढत राहिलं की पाय धनुष्यासारखा वाकतो. हे वेळेत कळलं तर उपाय आहेत. हाडाची वाढ संपल्यावर फार थोडे उरतात.

ताट

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, कारण इथे आजीपासून ब्रीडरपर्यंत प्रत्येकाला मत असतं.

पहिला मुद्दा वजनाचा. डेनचं पिल्लू गुबगुबीत दिसत असेल तर ते जाड आहे. हात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा, न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर पोटापाशी कंबर दिसली पाहिजे. शेवटच्या एक-दोन बरगड्या चालताना डोळ्यांना दिसल्या तरी चालतं. "अहो, उपाशी ठेवता का?" असं बाहेरचं कुणी विचारलं, तर वजन बहुधा बरोबर आहे.

हे कुणाचं लाडकं मत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९७४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास डेनच्या पिल्लांवरच होता. काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं, त्यांच्या जोडीदारांना त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. पोटभर खाणारी पिल्लं भराभर वाढली आणि हाडांचे, सांध्यांचे दोष त्यांच्यातच जास्त दिसले. कमी खाल्ल्याने पिल्लू बुटकं राहील ही भीती निराधार आहे. उंची आईबापांकडून ठरून आलेली असते. माफक खाणारं पिल्लू तिथेच पोचतं, फक्त सावकाश. म्हणून भांडं दिवसभर भरून ठेवू नका. दिवसाचं खाणं मोजून तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. दर आठवड्याला वजन करा. उचलणं जमेनासं झालं की दवाखान्यातल्या जमिनीवरच्या काट्यावर न्या, बहुतेक ठिकाणी नुसतं वजन करून घ्यायला कुणी नाही म्हणत नाही.

दुसरा मुद्दा कॅल्शियम. लंगडणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम द्यावं, हा सल्ला इतका सर्वत्र आहे की मेडिकलवालाही तोच देतो. मोठं हाड म्हणजे जास्त कॅल्शियम, असा सरळ हिशोब. अडचण अशी की, वाढ पूर्ण झालेला कुत्रा आतड्यातून लागेल तेवढंच कॅल्शियम शोषतो. लहान पिल्लाला, साधारण पहिले सहा महिने, हा ब्रेक नीट लागत नाही. दिलेल्यातला बराचसा भाग ते आत घेतंच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८५ च्या सुमारास डेनच्याच पिल्लांना ३.३ टक्के कॅल्शियमचं खाणं देऊन बघितलं. १.१ टक्केवाल्या पिल्लांच्या तुलनेत त्यांच्या हाडांची आणि कूर्चेची घडण बिघडली. जास्त कॅल्शियमने कूर्चेचं हाडात रूपांतर होणं अडखळतं. बळकटीसाठी दिलेलं औषध लंगडण्याचं कारण बनतं ते असं.

आता घरचा हिशोब करू. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या चांगल्या सुक्या खाण्यात साधारण १.२ टक्के कॅल्शियम असतं. दिवसाला ५०० ग्रॅम खाल्लं तर ६ ग्रॅम मिळालं, काम झालं. त्यावर कुणी रोज चमचाभर अंड्याच्या टरफलाची पूड टाकली, तर सुमारे २ ग्रॅमची भर पडली, म्हणजे थेट तिसरा हिस्सा जास्त. वर सिरप, वर नाचणीचं सत्त्व, वर कुणी दिलेलं व्हिटॅमिन डीचं इंजेक्शन. एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते, बेरीज कुणी करत नाही.

पिशवीच्या मागे छापलेलं वाचा. कॅल्शियम १ ते १.५ टक्क्यांच्या आसपास असावं. अमेरिकी मानकात मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के आहे. आयात पिशव्यांवर ७० पौंड, म्हणजे ३२ किलोपेक्षा मोठ्या होणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही योग्य, अशी ओळ असते. ती असेल तर उत्तम. सगळ्या जातींच्या पिल्लांसाठी म्हणून विकलं जाणारं खाणं आणि मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं एक नाही, पिशवीवरचं चित्र कितीही मोठ्या कुत्र्याचं असो.

घरचं शिजवलेलं देणाऱ्यांची चूक नेमकी उलटी असते. बिनहाडाची कोंबडी आणि भात, किंवा दूध-पोळी. कोंबडीच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. शरीर मग रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी हाडातून काढून घ्यायला लागतं. हाडं पातळ होतात, उडी मारल्याचं निमित्त होऊन मोडतात. अशा पिल्लाला कॅल्शियम खरंच लागतं, पण किती ते खाण्याच्या वजनावरून डॉक्टरांनी ठरवायचं. अंदाजाने चमचे टाकायचे नाहीत. सुकं खाणं निम्मं आणि चिकन-भात निम्मा असं सरमिसळ ताट असेल तर दोन्ही हिशोब बिघडतात. तिथे तर विचारल्याशिवाय काहीच करू नका.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही काही जण सुचवतात. कुत्रा व्हिटॅमिन सी स्वतः बनवतो. पैसे वाचवा.

खेळ, जिना, गाडी

दमवलं की घरात शांत बसतं, म्हणून सकाळी पाच किलोमीटर बाइकमागे पळवणारे लोक आहेत. चेंडू फेकणं त्याहून वाईट, कारण त्यात धाव, झटकन ब्रेक आणि वळण तिन्ही येतात. मातीच्या किंवा गवताच्या जमिनीवर पिल्लाला त्याच्या मर्जीने हुंदडू द्यावं, थकलं की बसू द्यावं. नॉर्वेत न्यूफाउंडलँड, आयरिश वुल्फहाउंड, लिओनबर्गर आणि लॅब्रॅडॉर अशा जातींच्या पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत ज्यांना रोज जिना चढ-उतार करायला मोकळीक होती, त्यांच्यात खुब्याचा दोष जास्त निघाला. मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं फिरणाऱ्यांत कमी निघाला. म्हणजे हालचाल बंद करायची नाही, जागा बदलायची.

लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी डेन घेण्याआधी विचार केला पाहिजे. घेतलाच असेल, तर उचलता येतंय तोवर उचला. नंतर छातीला आणि पोटाला आधार देणाऱ्या हार्नेसने, एक एक पायरी, सावकाश. उतरताना जास्त सांभाळा, तेव्हा सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. एसयूव्हीच्या डिकीतून उडी तर अजिबात नाही.

पोहणं सांध्यांना छान, पण शेतावर नेलंत तर शेततळ्यात सोडू नका. तिथल्या प्लास्टिकच्या उतरणीवरून कुत्र्याला वर येता येत नाही, पोहता येणारे कुत्रेही बुडतात.

विश्रांतीची परीक्षा

इथपर्यंत सगळं सुधारलंत की दोन आठवडे पिल्लाला फक्त पट्ट्यावर. शी-शूसाठी थोडं चालणं, पळणं नाही, दुसऱ्या कुत्र्याशी कुस्ती नाही, सोफ्यावर उडी नाही. कंटाळेल, म्हणून जेवण एका जागी बसून शोधून खायला द्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून वगैरे. या काळात वेदनाशामक देऊ नका. गोळीने पाय बरा होत नाही, दुखणं तेवढं झाकलं जातं, पिल्लू पळतं आणि आतली इजा वाढते. आणि घरच्या डब्यातली गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, माणसांची कुठलीच. यांनी कुत्र्याचं पोट आतून रक्ताळतं, यकृत-मूत्रपिंडं निकामी होतात.

दोन आठवड्यांत लंगडणं पूर्ण गेलं आणि हळूहळू मोकळं सोडल्यावर परत आलं नाही, तर बरं. परत आलं, किंवा या काळातच वाढलं, तर घरची तपासणी संपली. यापुढे डॉक्टर.

रक्ततपासणी

आपल्याकडे लंगडणाऱ्या पिल्लाची रक्ततपासणी एक्स-रेच्या आधी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कारण गोचीड. तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तातले जंतू पसरवते, त्यांच्या आजाराला सगळे सरसकट टिक फीवर म्हणतात. ताप, मरगळ, नाकातून रक्त ही ठळक लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. सांधे दुखून पाय बदलत लंगडणं हेही त्यातलंच एक रूप असू शकतं, आणि सुरुवातीला ताप येऊन-जाऊन असतो. गोचीड सापडली नाही याचा अर्थ चावली नाही असा नाही. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यात प्लेटलेट्स, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला थेंब, एवढ्यापासून सुरुवात होते. गरज पडली तर पुढची तपासणी डॉक्टर सांगतील. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. पिल्लू तिसऱ्या दिवशी टुणटुणीत होतं आणि लोक गोळ्या सोडून देतात. सोडू नका. गोचिडीचं औषध वजनाप्रमाणे असतं, आणि ही पिल्लं आठवड्याला दीड-दोन किलो वाढतात, तेव्हा मागच्या महिन्याचा डोस या महिन्यात पुरेलच असं नाही. प्रत्येक वेळी वजन करूनच घ्या.

एक्स-रे आणि त्यानंतर

रक्त स्वच्छ आलं, तर डॉक्टर सांधे वाकवून बघतील आणि लांब हाडं दाबतील. सांध्यापाशी नाही तर हाडाच्या मधोमध दाबल्यावर पिल्लू ओरडलं, पाय बदलतोय, वय पाच ते अठरा महिने, तर बहुतेक पॅनोस्टायटिस. नाव भयंकर, आजार आपोआप जाणारा. काही आठवडे येतो-जातो, तोवर डॉक्टरांनी दिलेलं कुत्र्याचं वेदनाशामक आणि विश्रांती. वाढीतलं दुखणं म्हणतात ते हेच, पण ते तपासून म्हणायचं, फोनवर नाही.

मनगटाच्या वर गरम सूज आणि ताप, वय दोन ते आठ महिने, असं असेल तर एचओडी, म्हणजे वाढत्या हाडांच्या टोकांचा दाह. डेन या आजारात आघाडीवर आहेत. यातली पिल्लं दोन दिवसांत अंथरुणाला खिळू शकतात, म्हणून सुरुवातीलाच लिहिलं की थांबू नका.

एकच पाय, तोच पाय, महिनाभर, आणि विश्रांतीनंतर परत, असं असेल तर खांद्यातली ओसीडी, कोपराचा दोष किंवा खुब्याचा दोष. ओसीडीत सांध्यातल्या कूर्चेचा तुकडा सुटतो, बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते आणि वेळेत केली तर खांद्याचे निकाल चांगले असतात. कोपर आणि खुब्याचे एक्स-रे नीट यायचे तर हलकी भूल लागते. धरून-पकडून काढलेल्या तिरक्या एक्स-रेवरून कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या. दोन्ही बाजूंचे काढायला सांगा, दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशीच होते, आणि हे दोष बरेचदा दोन्हीकडे असतात.

मागचे पाय लटपटणं हे मात्र पायाचं नसून मानेतल्या मणक्यांचं असू शकतं. डेनमध्ये वॉब्लर सिंड्रोम तरुण वयातच दिसतो. अशा पिल्लाला गळपट्ट्याने ओढणं ताबडतोब बंद, हार्नेस घाला आणि मज्जासंस्थेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

गावातल्या दवाखान्यात हाडांचा तज्ज्ञ नसेल तर परळ, नागपूर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जाताना व्हिडिओ, तारखांची नोंद, वजनाचे आकडे, खाण्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव न्या, ते सिरपसुद्धा. दोन दिवसांपूर्वी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते आधी सांगा. त्यावर लगेच वेदनाशामक दिलं तर पोटात व्रण पडतात. निघताना एक्स-रेची डिजिटल फाइल मागून घ्या. फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरला पाठवून काही कळत नाही. आणि खुबा आज ठीक दिसला तरी पिल्लू दोन वर्षांचं झालं की पुन्हा एक्स-रे काढा. कुत्र्यांचे सांधे तपासून प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली ओएफए संस्था खुब्याचं अंतिम प्रमाणपत्र वयाचे २४ महिने पूर्ण होण्याआधी देतच नाही.